ग्रामसभेच्या आधीचे तीन महिने : ग्रामस्थांच्या सहभागाने गावाचा विकास आराखडा

मराठवाड्यातील एका नवनिर्वाचित महिला सरपंचांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या ग्रामपंचायतीची लोकसंख्या सुमारे अडीच हजार असून मूळ गावाशिवाय एक तांडा आणि दोन शेतवस्त्या तिच्यात मोडतात. पुढील पाच वर्षांचा विकास आराखडा आणि येत्या वर्षाची कृती योजना तयार करायची आहे. परंतु ग्रामसभेला पंधरा-वीस माणसे येतात आणि तीही ठरलेलीच असतात. महिला आल्याच तर मागे बसतात आणि सही करून निघून जातात. तांड्यावरची बरीच कुटुंबे ऊसतोडीला जात असल्यामुळे अर्धे वर्ष गावात नसतात. अशा स्थितीत लोकांना आराखड्यात सामील कसे करून घ्यावे, असे त्यांचे विचारणे आहे.

सरपंचताई, लोक ग्रामसभेला का येत नाहीत, हे मी पंचायत समितीच्या नोकरीत असताना आणि नंतर आराखड्याचा प्रवीण प्रशिक्षक म्हणून फिरताना गावोगावी विचारत आलो आहे. शेतातली कामे, बुडणारी मजुरी, गटबाजी अशी कारणे लोक सांगतात आणि ती खरीही असतात. परंतु थोडा वेळ बसून बोलले की त्या सगळ्यांच्या तळाशी एक वाक्य सापडते : "मागं सांगितलं होतं की, त्याचं काय झालं?" एखाद्या बाईने चार वर्षांपूर्वी हापशाभोवतीच्या चिखलाची तक्रार केलेली असते, कुणीतरी ती वहीत लिहून घेतलेली असते, पण तो विषय मंजूर झाला की नाही, पैसे आले की नाहीत आणि काम अडले ते कशामुळे, यांतले काहीही तिच्यापर्यंत परत पोहोचलेले नसते. तिने पुन्हा यावे असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार? म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की नव्या आराखड्याची सुरुवात जुन्या आराखड्याच्या हिशेबाने करावी.

मागील पाच वर्षांचे वार्षिक आराखडे ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात, आणि एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही ते पाहायला मिळतात. ते काढून घेऊन मोठ्या कार्डशीटवर ठळक अक्षरांत प्रत्येक काम, त्याचे वर्ष, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि आजची स्थिती लिहावी. जे काम झाले नाही त्यापुढे त्याचे कारण एका ओळीत लिहावे. ही कार्डशीट चावडीत लावून थांबू नये. ती तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे, शेतवस्तीवर आणि दलितवस्तीतल्या समाजमंदिरात नेऊन मोठ्याने वाचून दाखवावी, कारण वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या गावात किती पैसे आले हे ऐकण्याचा तितकाच हक्क आहे. एक पथ्य मात्र पाळावे. वाचन करण्यापूर्वी मागच्या कार्यकारिणीतील सरपंच आणि सदस्यांना घरी जाऊन हा हिशेब दाखवावा आणि त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. हिशेबाचे रूपांतर आरोपात झाले की गाव दोन बाजूंना उभे राहते, आणि मग आराखडा त्या दोन बाजूंपैकी एकीचा होऊन बसतो.

कायद्याच्या बाजूचे थोडक्यात सांगतो, कारण तिथेच बहुतेक प्रशिक्षणांचा सगळा वेळ खर्च होतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांच्या संदर्भात पंचायतींनी आर्थिक विकास व सामाजिक न्यायाच्या योजना तयार कराव्यात अशी तरतूद राज्यघटनेत झाली. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर येऊ लागला, तेव्हा महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून गावांनी स्वतः आराखडे करण्याची पद्धत बसवण्यात आली. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आपल्या गावात सतराशे मतदार धरले तर १५ टक्के म्हणजे २५५ होतात, म्हणून आपल्याला शंभर माणसे पुरेशी आहेत. शंभर जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. याच तरतुदीमुळे अनेक गावांत पहिली सभा तहकूब करणे हा रिवाजच होऊन गेला आहे आणि संपूर्ण गावाचा आराखडा पंधरा सह्यांवर मंजूर होत आहे. हे कायद्याच्या चौकटीत बसते, पण मला ते मनापासून खटकते, आणि आपण ही वाट धरू नये अशी माझी विनंती आहे.

ग्रामसभेच्या दिवशी गावाने नव्याने विचार करायला बसावे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. अडीच हजार लोकवस्तीच्या गावातील शंभर माणसे एका मंडपात बसली की बोलण्याची सवय असलेली पाच-सात माणसे बोलतात आणि बाकीची ऐकतात; यात कुणाचा दोष नाही, मोठ्या सभेचा तो स्वभाव आहे. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनाची मोहीम सुरू करून राज्याच्या योजना खर्चातील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. तिथे ग्रामसभा प्रभागनिहाय भरते, आणि त्या मोहिमेत आलेल्या लोकांना विषयवार लहान गटांत बसवून चर्चा करून घेतली जाई. आपल्याकडेही प्रभागाची किंवा वस्तीची बैठक आधी घेण्यास कुणाची आडकाठी नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे तर बंधनकारकच आहे, आणि आराखड्याच्या पद्धतीत महिला सभा, बालसभा व वंचित घटकांची सभा सांगितलेली आहे. त्या कागदावर उरकल्या नाहीत तर खरे नियोजन तिथेच होते आणि ग्रामसभेचे काम तपासण्याचे, बदलण्याचे आणि मान्यता देण्याचे राहते.

वस्तीच्या बैठकीसाठी जागा आणि वेळ विचारपूर्वक निवडावी लागते. मारुतीच्या पारावर बैठक ठेवली की महिला पारावर चढत नाहीत, आणि काही समाजांतील वडीलधारी माणसे अजूनही तिथे बसायला संकोचतात. ग्रामपंचायत कार्यालयात ठेवली तर ज्यांची घरपट्टी थकलेली आहे ती माणसे त्या दारात पाऊल टाकत नाहीत. हे मला बऱ्याच उशिरा कळले, आणि तोवर मी त्यांना उदासीन समजत होतो. अंगणवाडीचे आवार किंवा कुणाच्या तरी घरापुढची झाडलोट केलेली मोकळी जागा उत्तम. महिलांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ सोयीची असेल असे आपण शहरी समजुतीने धरून चालतो, पण खुरपणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत ती मजुरीची वेळ असते. रात्री जेवणे उरकल्यावर, साडेआठच्या पुढे, वस्तीवरच बसल्यास तिघी-चौघींच्या जागी पंचवीस जणी येतात. दवंडी दिली म्हणजे निरोप पोहोचला असे समजू नये. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचतगटाच्या अध्यक्षांनी घरोघरी सांगितलेला निरोप आणि फोनवर फिरलेला निरोप यांत फार अंतर आहे.

बैठकीत "तुमच्या अडचणी सांगा" असे विचारू नये. त्या प्रश्नाला रस्ता, गटार, दिवाबत्ती अशी पाठ झालेली उत्तरे येतात. त्याऐवजी गावाचा नकाशा काढायला सांगावा. एका गावातली गोष्ट सांगतो. शाळेच्या पटांगणात आम्ही पुरुषांचा एक आणि महिलांचा एक असे दोन गट केले आणि दोन्ही गटांना रांगोळी, चुना, विटांचे तुकडे, पाने आणि बिया दिल्या. पुरुषांनी अर्ध्या तासात नकाशा पूर्ण केला. त्यात मुख्य रस्ता, वेशीची जागा, देवळे, सोसायटी, दूधसंकलन केंद्र सगळे जागच्या जागी होते, आणि वस्तीच्या पूर्वेला हापशाचे चिन्ह होते. त्या वस्तीसाठी 'पाण्याची सोय आहे' अशी नोंद आमच्या अहवालात आधीच झालेली होती. महिलांच्या नकाशाला दीड तास लागला. त्यांनी सुरुवातच घरांपासून केली, कोणत्या घरात कोण एकटे राहते ते आपसांत बोलून ठरवले, आणि मग एका बाईने हापशापर्यंत रांगोळीची रेघ ओढली. रेघ सरळ गेली नाही. ती एका शेताला वळसा घालून ओढ्यात उतरली आणि मागच्या अंगाने वर चढली. मी विचारले, "हापसा तर इथं समोरच आहे ना?" त्या म्हणाल्या, "हाय की. पर मधी तारकुंपण झालंय दोन सालापासनं. पावसाळ्यात वढ्याला पाणी आलं की हापसा दिसतुया, पर जाता येत न्हाई."

त्या एका वाकड्या रेघेने आराखड्यातील एक काम बदलले. पुरुषांच्या यादीत त्या वस्तीसाठी दुसऱ्या बोअरची मागणी होती आणि तिचा खर्च मोठा होता. महिलांचा नकाशा पाहिल्यावर त्या शेतकऱ्याशी बोलणी झाली, कुंपणाच्या कडेने माणूस हंडा घेऊन जाईल इतकी वाट त्याने सोडली, आणि ओढ्यावर दोन नळ्यांची लहान मोरी, म्हणजे खालून पाणी जाणारा छोटा पूल, आराखड्यात आली. कागदावरची माहिती खोटी नव्हती, हापसा होताच. परंतु तो कुणासाठी, कोणत्या महिन्यांत आणि किती चालून मिळतो हे पाणी भरणाऱ्या माणसालाच ठाऊक होते. म्हणून नकाशे नेहमी वेगवेगळ्या गटांकडून काढून घ्यावेत आणि शेवटी शेजारी शेजारी ठेवून सर्वांना दाखवावेत. दोन नकाशांतला फरक हाच चर्चेचा विषय असतो. नकाशाचा मोबाइलवर फोटो काढण्याआधी तो मोठ्या कागदावर उतरवून वस्तीतल्याच कुणाकडे तरी ठेवायला द्यावा, म्हणजे तो अधिकाऱ्याचा होऊन निघून जात नाही.

शिवारफेरी, गावफेरी आणि मशालफेरी यांबद्दल प्रशिक्षणात भरपूर सांगितले जाते, त्यामुळे मी विस्तार करीत नाही. फक्त शिवारफेरीला शेळ्या-मेंढ्या राखणारा एक माणूस आवर्जून सोबत घ्यावा. कोणत्या पाणंदीवर अतिक्रमण झाले आहे, कोणत्या बंधाऱ्याला कुठून गळती आहे, पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कुणी सांगत नाही. बालसभेत मुलींना शिक्षकांसमोर न विचारता अंगणवाडीताईंच्या सोबतीने वेगळे विचारावे. शाळेचे स्वच्छतागृह बांधलेले आहे पण त्यात पाणी नाही, ही गोष्ट मला अनेक गावांत आधी मुलींकडून कळली आणि मग अहवालात आली.

कामांची यादी तयार झाली की प्राधान्य ठरवण्याचा अवघड टप्पा येतो. हात वर करून मत घेतले की लोक शेजाऱ्याकडे पाहून हात वर करतात. चिंचोक्यांची पद्धत साधी आणि विश्वासाची आहे. प्रत्येक कामाचे चित्र काढलेला एक द्रोण ओळीने मांडावा, प्रत्येक व्यक्तीला दहा चिंचोके द्यावेत आणि आडोशाला जाऊन तिने ते हवे तसे वाटून टाकावेत. महिलांचे आणि पुरुषांचे चिंचोके वेगळ्या रंगाने रंगवलेले असावेत, म्हणजे मोजताना दोघांची पसंती कुठे वेगळी पडते ते सर्वांसमोर दिसते. परंतु या पद्धतीतील धोकाही सांगितला पाहिजे. ज्या समाजाची गावात तीनच घरे आहेत त्यांचा द्रोण कधीही भरणार नाही. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वीच गावाने एक मर्यादा मान्य करून घ्यावी, की पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, घरापर्यंतची वाट आणि रात्रीचा दिवा या चार गोष्टी ज्या घरांना अजून मिळालेल्या नाहीत त्यांची कामे चिंचोक्यांवर सोडायची नाहीत, ती थेट आराखड्यात घ्यायची. बहुमताने सोय ठरवता येते. कुणाला पाणी मिळावे की नाही हे बहुमताने ठरवणे मला कधीही मान्य झालेले नाही. आणि आधी नीट समजावून सांगितले तर गावालाही ते मान्य होते, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या प्रश्नातील ऊसतोड कुटुंबांविषयी. हा भाग मी लांबवणार आहे, कारण बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागातील आराखड्यांतील सर्वांत मोठी त्रुटी इथे आहे. केंद्र शासनाची 'सबकी योजना, सबका विकास' ही नियोजन मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत आली आहे, आणि आपल्याकडे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या ऊसतोड टोळ्या दसऱ्यानंतर निघू लागतात. म्हणजे ज्या काळात गावाने बसून ठरवायचे, नेमक्या त्याच काळात तांडा रिकामा होतो आणि मागे म्हातारी माणसे व काही मुले राहतात. एप्रिलमध्ये कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, परत येतात तेव्हा वर्षाचा आराखडा मंजूर होऊन पोर्टलवर चढलेला असतो. कुणीही त्यांना मुद्दाम वगळलेले नसते, तरी ते वगळले जातात, आणि हे दरवर्षी होते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे गावाने आपले नियोजनाचे पंचांग मोहिमेच्या आधी सुरू करणे. पोळा झाला की कामाला लागावे. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत सुमारे चाळीस दिवस मिळतात, अधिक मास मध्ये आला तर आणखी एक महिना. तेवढ्यात तांड्यावरच्या दोन बैठका सहज होतात. पहिल्या बैठकीत जुना हिशेब आणि नकाशा, दुसरीत कामांची निवड. या बैठकीत त्यांच्या दोन वेगवेगळ्या काळांतील गरजा वेगळ्या विचाराव्यात : गावात असतानाच्या आणि गावाबाहेर असतानाच्या. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे आराखड्यात सहसा येतच नाहीत. शाळेतली मुले मागे ठेवायची तर हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळी निघण्याआधी, सुरू होणार का. मागे राहिलेल्या म्हातारीचे रेशन कोण आणून देणार. गरोदर बाई फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, गेली तर तिच्या तपासण्यांची नोंद तिच्याबरोबर जाणार का. उन्हाळ्यात परतल्यावर टँकरच्या यादीत तांडा असणार का. यांतील बहुतेक कामांना ग्रामपंचायतीचा एक रुपयाही लागत नाही. शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि रेशन दुकान यांच्याशी बोलून, तारखा ठरवून, जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवावे लागते. अशी विनाखर्चाची कामे आराखड्यात बांधकामांइतक्याच ठळकपणे नोंदवावीत. तांड्यावरून दोन माणसे निवडून त्यांचे फोन क्रमांक घ्यावेत आणि ग्रामसभेच्या दिवशी फडावर फोन लावून कामांची अंतिम यादी त्यांना वाचून दाखवावी. कायद्याने त्यांची हजेरी लागत नाही, पण आपल्या कामाचे काय झाले हे त्यांना त्याच दिवशी कळते.

पैशाची मर्यादा लोकांना पहिल्या बैठकीतच सांगावी. अनेक पदाधिकाऱ्यांना भीती वाटते, की रक्कम सांगितली तर भांडणे होतील. माझा अनुभव उलट आहे. रक्कम माहीत नसते तेव्हा लोक सगळेच मागतात आणि पुढे काहीच झाले नाही म्हणून चिडतात. रक्कम माहीत असली की तेच लोक आपसांत काटछाट करायला बसतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात निधीचे ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेले, होते, त्यांपैकी निम्मे पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित असले तरी ते पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नव्हते. आयोग बदलला की ही प्रमाणे बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक हाती घेऊनच बैठकीला जावे. याशिवाय घरपट्टी-पाणीपट्टीतून येणाऱ्या स्वनिधीतील १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ही रक्कम लहान असते, तरी ती कशावर खर्च करावी हे त्या-त्या गटाला विचारले गेले पाहिजे. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून काय हवे हे त्यांच्या घरी जाऊन विचारल्यावर, एका तरुणाने वस्तू नको असे सांगून ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार मागितला होता. त्याला स्वतःला येऊन बोलायचे होते.

विरोधाची तयारी ठेवावी. काही सदस्य म्हणतील, की आम्ही निवडून आलो आहोत, मग पुन्हा लोकांना विचारायचे कशाला. त्यांच्याशी वाद न घालता प्रत्येक सदस्याला आपल्या प्रभागाच्या बैठकीचे यजमानपद द्यावे, कारण कामाचे श्रेय मिळणार असेल तर सहभागाला विरोध करण्याचे कारण उरत नाही. दुसरा विरोध अधिक अवघड असतो आणि तो बोलून दाखवला जात नाही. सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि कमान ही कामे मोजायला आणि ठेका द्यायला सोपी असतात, म्हणून आराखडा आपोआप त्यांच्याकडे झुकतो. मोरी, गळती काढणे, पाणंद मोकळी करणे, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलणे अशी लहान कामे कुणालाच नको असतात. त्यासाठी पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यांना अंदाजपत्रकासाठी एकदाच न बोलावता यादी अंतिम होण्याआधी एका वस्तीच्या बैठकीला बोलवावे. लहान कामे एकत्र बांधून एक अंदाजपत्रक करता येते का, तांत्रिक मान्यतेत कुठे अडेल, हे त्यांनी लोकांसमोर सांगितले तर पुढे "साहेबांनी नामंजूर केले" असे आपल्याला एकटीला सांगत बसावे लागत नाही.

गावे विचार करायला कशी शिकली याची दोन उदाहरणे मला नेहमी मार्गदर्शक वाटली आहेत. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सर्वांना माहीत आहे. त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला हेही माहीत आहे. परंतु त्यामागचा अभ्यासगट फारसा कुणी पाहत नाही. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने व्हायचे, आणि त्याआधी त्या विषयाची माहिती मिळवण्यासाठी, कायदा समजून घेण्यासाठी, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारण्यासाठी अभ्यासगट बसायचा; तिथे निर्णय घेण्याची घाई नसे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने, जिथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडण्याची पद्धत रुजवली : यंदा पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय आहे, पिण्यासाठी किती राखून ठेवायचे आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यायची. दोन्ही गावांत लोकांना आधी माहिती मिळाली आणि मग मत विचारले गेले. आपल्याकडे पाच-सहा जणांचा असा गट तयार करावा. त्यात एक शिक्षक, एक बचतगटातील महिला, तांड्यावरचा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी आणि गावाशी संबंध टिकवून असलेला एखादा निवृत्त कर्मचारी असावा. त्यांनी महिनाभर पाण्याची, शाळेची, आरोग्याची माहिती गोळा करून प्रत्येक वस्तीला सोप्या शब्दांत सांगावी.

इतके झाल्यावर ग्रामसभा. वस्तीनिहाय आलेली प्रत्येक मागणी तीन रकान्यांत मांडलेली असावी : या वर्षी घेतलेली, पुढच्या वर्षांत ठेवलेली, आणि घेता न आलेली. तिसरा रकाना सर्वांत आधी आणि कारणासह वाचावा. नकार ऐकायला लोक तयार असतात, त्यांना पंचायतीचे गप्प बसणे सहन होत नाही. प्रत्येक वस्तीच्या यादीचे वाचन त्या वस्तीतल्याच माणसाने करावे, आणि महिला सभेचे ठराव महिलेनेच मांडावेत. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार खेड्यातील पॅरिश कौन्सिलला आपल्या परिसरातील बांधकाम व जमीनवापराचा आराखडा करता येतो आणि तो शेवटी रहिवाशांच्या मतदानाला टाकावा लागतो. तिथे त्या दिवशी होय किंवा नाही एवढेच सांगता येते. आपल्या ग्रामसभेत उभे राहून कुणीही एखादी ओळ बदलण्याची सूचना करू शकतो. हा अधिकार मोठा आहे, म्हणून वाचन घाईने उरकू नये आणि सुचवलेली दुरुस्ती सर्वांसमोर इतिवृत्तात लिहून मग पुढे जावे.

शेवटचा टप्पा बहुतेक गावांत कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि आजवर पाहिलेल्या फसगतींपैकी सर्वांत जास्त तिथे झाल्या आहेत. ग्रामसभेने मंजूर केलेली यादी आणि पोर्टलवर भरलेली यादी या दोन्ही एकच असतात असे नाही. भरताना संकेतांकात बसत नाही म्हणून, मुदत संपत आली म्हणून, किंवा तालुक्याच्या ठिकाणी एकाच संगणकावर वीस गावांची माहिती भरली जात असल्यामुळे कामाचे नाव बदलते, जागा बदलते, कधी कामच गळून जाते. मी काम केलेल्या एका गावात तांड्याची पाण्याची टाकी गळून तिच्या जागी मुख्य गावातील गटार आले होते, आणि ते कळले तेव्हा वर्ष संपले होते. म्हणून माहिती भरली जाईल त्या दिवशी आपण, ग्रामपंचायत अधिकारी आणि अभ्यासगटातील एक जण समोर बसावे, इतिवृत्त हातात धरून ओळ अन् ओळ जुळवावी, आणि पोर्टलवरून काढलेली प्रत त्याच आठवड्यात प्रत्येक वस्तीत, ज्या ठिकाणी सुरुवातीला जुना हिशेब लावला होता तिथेच, लावावी. एप्रिलमध्ये टोळ्या परत येतील तेव्हा तीच प्रत घेऊन तांड्यावर जावे आणि कोणते काम कुठपर्यंत आले ते पुन्हा एकदा वाचून दाखवावे.